बटणाची पोच

तहसील कचेरीत अर्ज दिला की जाणता माणूस लगेच पाठ फिरवत नाही. "साहेब, पोच द्या," असे म्हणून तो खिडकीपाशी उभा राहतो. दुसऱ्या प्रतीवर शिक्का बसला, तारीख पडली, सही झाली, की ती प्रत नीट घडी करून तो खिशात ठेवतो. काम होईल न होईल, ते पुढचे पुढे. पण आपले म्हणणे पोहोचले, एवढे तरी त्या शिक्क्याने पक्के होते.

आता भंडारा जिल्ह्यातल्या एका गावाचा विचार करा. तुमसर तालुक्यात, मध्य प्रदेशाच्या सीमेला लागून बपेरा आहे. तिथल्या शेतकऱ्याला सातबाऱ्याचा उतारा काढायचा आहे, शेतातल्या पिकाची नोंद करायची आहे, आधारभूत किमतीने धान विकण्यासाठी नाव नोंदवायचे आहे, किंवा मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. कारकुनाची गाठ पडण्याआधी त्याची गाठ पडते ती मोबाइलच्या नाहीतर सेवा केंद्रातल्या संगणकाच्या पडद्याशी. नाव भरा, गट क्रमांक भरा, बँकेचे खाते भरा. आणि सगळ्यांत शेवटी एक लहानसा रंगीत चौकोन येतो. त्यावर लिहिलेले असते, 'सादर करा'. हेच पडद्यावरचे बटण. ते दाबले, की पूर्वी खिडकीपाशी विचारायचा तोच प्रश्न मनात उभा राहतो: पोच कोण देणार?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या बटणाच्या पोशाखात असते. त्याचा रंग, त्याची कड, बोट टेकताच त्याच्या रूपात होणारा पालट, हा सगळा पोशाख कोणीतरी शिवलेला असतो. तो शिवण्याची जी भाषा आहे तिला सीएसएस म्हणतात. तिचा जन्म १९९४ सालचा. म्हणजे गोष्ट फार जुनी नाही; पण ती शिकण्यासारखी आहे, कारण तिच्यात कोणाचे ऐकायचे आणि कोणाला उत्तर द्यायचे, हाच वाद पुन्हा पुन्हा आलेला आहे.

आधी शब्द पाहू. सदऱ्याच्या बटणाला आपला जुना शब्द आहे गुंडी. विजेच्या दिव्याचे बटण आले तेव्हा आपण त्याला 'कळ' म्हणू लागलो. कळ म्हणजे यंत्राची किल्ली. पण 'कळणे' म्हणजे समजणे, हा अर्थही शेजारीच उभा आहे. कळ दाबली आणि काही कळलेच नाही, तर त्या कळीचा उपयोग काय?

लाकडी पेटीचा जुना रेडिओ पाहिलेल्यांना एक गोष्ट आठवेल. खुंटी फिरवली की 'टक्' असा आवाज येई आणि आकड्यांच्या पट्टीमागचा दिवा लागे. आवाज मात्र लगेच येत नसे. आतले काचेचे व्हॉल्व तापेपर्यंत थोडे थांबावे लागे. पण दिवा लागलेला दिसे, म्हणून कोणी खुंटी पुन्हा पुन्हा पिळत बसत नसे. त्या दिव्याचे म्हणणे एवढेच, "तुझे ऐकले आहे, थोडा थांब."

दुसरे उदाहरण आपल्या सर्वांच्या माहितीचे आहे. २००४ सालच्या लोकसभा निवडणुकीत देशातल्या सर्व मतदारसंघांत मतदान यंत्र वापरले गेले. मतदानाच्या खोलीत यंत्रावर हिरवा दिवा दिसतो, म्हणजे यंत्र तयार आहे. आपण चिन्हासमोरचे निळे बटण दाबतो. त्या चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो आणि लांब शिट्टीसारखा आवाज होतो, म्हणजे मत नोंदले गेले. त्यावरही लोकांच्या मनात शंका राहू नये म्हणून पुढे चिठ्ठीचे यंत्र जोडले गेले. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीपासून ते सर्वत्र आले. काचेआड चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि मग पेटीत पडते.

या दोन उदाहरणांतून एक हिशेब निघतो. चांगले बटण तीन वेळा बोलते. दाबण्याआधी म्हणते, "मी बटण आहे, मला दाबता येते." दाबताना म्हणते, "तू मलाच दाबतो आहेस." आणि दाबल्यावर म्हणते, "तुझे दाबणे पोहोचले." पितळेचे किंवा प्लास्टिकचे बटण यातल्या दोन गोष्टी आपोआपच सांगते. ते वर आलेले असते, बोटाखाली दबते, टक् करते. पडद्यावरच्या बटणाला मात्र अंगच नसते. ते नुसत्या प्रकाशाचे असते. म्हणून त्याला तिन्ही वेळा बोलायला मुद्दाम शिकवावे लागते.

हे शिकवण्याची पहिली युक्ती चित्रकाराची होती. ९ डिसेंबर १९६८ रोजी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को येथे डग्लस एंगेलबार्ट यांनी संगणकाचा माउस लोकांपुढे चालवून दाखवला. पडद्यावरच्या जागेवर जणू बोट ठेवता येते, हे त्या दिवशी दिसले. १९८१ मध्ये झेरॉक्स कंपनीचा स्टार आणि १९८४ मध्ये ॲपलचा मॅकिन्टॉश आला. पडद्यावरची बटणे त्यांच्याबरोबर कचेऱ्यांत आणि घरांत पोहोचली. पुढे विंडोजच्या १९९० आणि १९९५ च्या आवृत्त्यांनी करड्या रंगाची फुगीर बटणे जगभर नेली. त्यातली युक्ती शिक्षकांना फळ्यावर सहज काढून दाखवता येईल. एक चौकोन काढा. वरची आणि डावी कड पांढऱ्या खडूने ठळक करा, खालची आणि उजवी कड काळपट ठेवा. चौकोन वर उचललेला दिसतो. कडांची अदलाबदल करा, तोच चौकोन आत दबलेला दिसतो. उजेड वरून पडतो ही आपल्या डोळ्यांची सवय, आणि त्या सवयीवर हे सगळे उभे होते. माउसचे बटण दाबताच संगणक कडांची अदलाबदल करी, आणि प्रकाशाचा चौकोन 'दबला' असे पाहणाऱ्याला वाटे.

पण हे होते संगणकाच्या आपल्या घरातले. वेबची गोष्ट वेगळी निघाली. स्वित्झर्लंडमधल्या सर्न या संशोधन संस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी वेब तयार केले आणि १९९१ मध्ये ते सर्वांसाठी खुले झाले. सुरुवातीच्या पानांवर बटण नव्हतेच. होता तो दुवा. त्यावर टिचकी मारली की दुसरे पान उघडे. फॉर्म भरण्याची सोय १९९३ च्या सुमारास आली आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ती एचटीएमएलच्या दुसऱ्या आवृत्तीत नियमबद्ध झाली. त्या फॉर्मच्या शेवटी 'सादर करा'चे बटण असे. पण त्याचा पोशाख पान लिहिणाऱ्याच्या हातात नव्हता. ज्याच्या संगणकावर पान उघडे, त्याच्या संगणकाचे करडे बटण तिथे दिसे.

भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमामार्फत. टेलिफोनच्या तारेवरून पान अगदी हळूहळू उतरत असे. आणि नेमक्या त्याच काळात बटणे सजवण्याची हौस वाढली. करडे बटण नको, तर लोक बटणाचे चित्रच काढून पानावर चिकटवू लागले. माउस वर आला की रूप बदलावे म्हणून एकाच बटणाची दोन चित्रे काढायची आणि छोट्याशा प्रोग्रामने ती अदलाबदल करायची. पानावर आठ बटणे, तर सोळा चित्रे. तेवढी सगळी त्या सावकाश तारेवरून यायची.

मराठीची अडचण याहून मोठी होती. युनिकोडमध्ये देवनागरीला जागा १९९१ सालीच मिळाली होती. पण नेहमीच्या संगणकावर ती सोय विंडोज २००० पासून आली, आणि सगळीकडे रुळायला आणखी काही वर्षे गेली. तोवर पुष्कळ ठिकाणी मराठी शब्दसुद्धा चित्र म्हणूनच पानावर जात. डोळस माणसाला त्यात काही खटकत नसे. पण अंध माणूस पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रामवर विसंबून असतो, आणि त्या प्रोग्रामला चित्रातली अक्षरे दिसत नसत. कमी दिसणाऱ्याला ती मोठी करता येत नसत. मोठी केलीच तर फाटकी दिसत. बटण सजले, पण काही माणसांपुरते ते मुके झाले.

या गोंधळातून वाट काढणारी सूचना १० ऑक्टोबर १९९४ रोजी सर्नमधूनच आली होती. हाकोन व्हीउम ली या नॉर्वेच्या तरुणाने म्हटले, पानावर काय लिहिले आहे ते एका जागी ठेवा आणि ते कसे दिसावे याचे नियम वेगळे ठेवा. लवकरच नेदरलँड्सचे बर्ट बॉस त्याच्याबरोबर कामाला लागले. १७ डिसेंबर १९९६ रोजी या नियमभाषेची पहिली आवृत्ती अधिकृतपणे प्रसिद्ध झाली. तीच सीएसएस. शिंप्याचे माप वहीत लिहिलेले असले की एकाच मापाने दहा सदरे शिवता येतात, तसे एकदा लिहिलेल्या नियमाने हजार पानांवरची बटणे सारखी दिसू लागली. अक्षरे अक्षरेच राहिली. त्यांच्यावर फक्त पोशाख चढला.

या नावातला पहिला शब्द 'कॅस्केडिंग' असा आहे. म्हणजे टप्प्याटप्प्याने खाली उतरणारे. भंडाऱ्याच्या माणसाला हे पटकन समजेल. आपल्या भागात गोंड राजवटीच्या काळापासून कोहळी समाजाने बांधलेले तलाव आहेत. १९५१ मध्ये मालगुजारी संपली आणि त्यांना 'माजी मालगुजारी तलाव' म्हणू लागले. लोकांच्या तोंडी ते मामा तलाव. वरचा तलाव भरला की सांडव्यावरून पाणी खालच्या अंगाला उतरते. शेवटच्या बांधीत पोहोचलेले पाणी कोणा एका तलावाचे नसते. सीएसएसचे नियम असेच तीन ठिकाणांहून उतरतात. काही ब्राउझरचे स्वतःचे, काही वाचणाऱ्याने आपल्या सोयीसाठी ठरवलेले, आणि काही पान लिहिणाऱ्याचे. तिन्ही मिळून बटणाचे अंतिम रूप ठरते.

आता तिघांचे एकमत झाले नाही तर? इथेच इतिहासातला महत्त्वाचा वळसा आहे. एरवी पान लिहिणाऱ्याचा नियम चालतो. पण 'हा नियम महत्त्वाचा' अशी खूण दोघांनीही आपापल्या नियमावर केली, तर १९९६ च्या आवृत्तीत जिंकत असे तो लिहिणारा. १२ मे १९९८ रोजी दुसरी आवृत्ती निघाली आणि तिने हा क्रम उलटा केला. ज्याला कमी दिसते, ज्याला मोठी अक्षरे किंवा गडद रंग हवे आहेत, त्या वाचणाऱ्याचा शेवटचा शब्द चालेल, असे ठरले. ओळ बारीकशी, पण पान कोणासाठी असते, याचा निवाडाच तिने केला.

त्याच दुसऱ्या आवृत्तीत बटणाला बोलते करणारे दोन शब्द आले, 'होव्हर' आणि 'फोकस'. 'ॲक्टिव्ह' हा शब्द पहिल्या आवृत्तीतच होता. होव्हर म्हणजे माउसचा बाण बटणावर येऊन थांबला आहे. फोकस म्हणजे माउस नसताना, कीबोर्डच्या टॅब कळीने सरकत सरकत आपण या बटणापाशी पोहोचलो आहोत. ॲक्टिव्ह म्हणजे बटण आत्ता, या क्षणी दाबलेले आहे. या तीन अवस्थांसाठी तीन पोशाख सांगता येऊ लागले. बाण आला की रंग थोडा गडद करा. फोकस आला की भोवती ठळक चौकट काढा. दाबले की एक रेघभर खाली सरकवा. दोन चित्रे नकोत, अदलाबदलीचा प्रोग्राम नको, दोन-चार ओळी पुरेत.

पण नियम कागदावर येणे वेगळे आणि ब्राउझरने तो पाळणे वेगळे. २००१ मध्ये आलेला इंटरनेट एक्स्प्लोररचा सहावा अवतार होव्हर ओळखायचा तो फक्त दुव्यांवर. मग कारागिरांनी पळवाट काढली. दुव्यालाच बटणाचे कपडे चढवले. गोल कोपऱ्यांसाठीही अशाच खटपटी होत. २००३ मध्ये डग्लस बोमन यांनी दोन चित्रे एकमेकांवर सरकवून कोणत्याही रुंदीचे गोल कोपऱ्याचे बटण करण्याची रीत लिहिली आणि ती फार गाजली. हुशारी मोठी होती, यात शंका नाही. पण दुवा आणि बटण यांच्यातला भेद त्या वर्षांत पुसट झाला, आणि तो अजून पुरता सावरलेला नाही. दुवा आपल्याला दुसरीकडे नेतो. बटण काहीतरी घडवते. पाटीवर 'तुमसर' लिहिलेले पाहून चालू लागणे निराळे आणि खरेदीखतावर सही करणे निराळे. जो माणूस पडदा पाहत नाही, कानाने ऐकतो, त्याला वाचून दाखवणारा प्रोग्राम 'दुवा' म्हणतो की 'बटण' म्हणतो, यावरच सगळे अवलंबून असते. कपडे कोणाचेही चढवा, आतला माणूस तोच असावा, एवढे पथ्य कारागिराने पाळायचे असते.

पुढच्या दहा वर्षांत ब्राउझर सुधारले. कोपरे गोल करण्याचा नियम, सावलीचा नियम, एका रंगातून दुसऱ्यात हळूच जाण्याचा नियम, सगळे सीएसएसमध्येच आले. २००७ मध्ये वेबकिट या ब्राउझर-यंत्रणेने रूपाचे सावकाश पालटणे दाखवले. २०११ मध्ये इंटरनेट एक्स्प्लोररच्या नवव्या आवृत्तीत गोल कोपरे आले आणि चित्रांची खटपट सरली. आता बटण शिवायचे म्हणजे काय, ते थोडक्यात असे. आधी खरे बटण घ्या आणि त्यावर खरी अक्षरे लिहा. अक्षरांच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडा. ही जागा अक्षराच्या आकाराच्या पटीत मोजा, म्हणजे अक्षर मोठे झाले की बटणही वाढेल. मग कड, कोपरा, पार्श्वभूमीचा रंग, अक्षरांचा रंग. आणि मग अवस्था: बाण आलेला, फोकस आलेला, दाबलेला, आणि तूर्त बंद असलेला. रूप पालटायला सेकंदाचा पाचवा भाग पुरे. त्याहून फार रेंगाळले तर माणसाला वाटते, यंत्र अडकले.

एवढे साधल्यावर फॅशनने पुन्हा उलटी उडी घेतली. २०१२ च्या विंडोजने आणि २०१३ च्या आयफोनने सावल्या, फुगीरपणा, चमक सगळे काढून टाकले. बटण सपाट झाले. पुष्कळदा तर कडही गेली आणि नुसता रंगीत शब्द राहिला. ज्यांनी वीस वर्षे फुगीर बटणे दाबली होती त्यांना चालून गेले. पण ज्याच्या हातात पहिलाच पडदा आला तो मोबाइलचा आणि तोही सपाट बटणांच्या काळात, त्याने कशावरून ओळखावे की हा शब्द वाचायचा आहे आणि तो शब्द दाबायचा आहे? मोबाइलने आणखी एक गोष्ट केली. बोटाला होव्हर नसते. बोट एकतर पडद्यावर असते, नाहीतर नसते. "बाण वर आल्यावरच सांगू" अशी ठेवलेली सूचना मोबाइलवर कधी दिसतच नाही.

म्हणून काही मापे ठरली, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहेत. वेबच्या सुगम्यतेचे आंतरराष्ट्रीय नियम २००८ मध्ये सांगतात की साध्या आकाराचे अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्या उजेडात निदान साडेचारास एक असा फरक हवा. २०१८ च्या भरीमध्ये बटणाची कड ओळखू यावी म्हणून तीनास एक हे प्रमाण आले. ५ ऑक्टोबर २०२३ च्या आवृत्तीत स्पर्श करण्याच्या जागेचे किमान माप २४ पिक्सेल ठरले. त्याहून वरच्या दर्जासाठी ४४ पिक्सेल हे माप २०१८ पासून आहे. या कोरड्या आकड्यांमागे माणसे उभी आहेत. धानाच्या रोवणीत बोटे चिखलाने आणि पाण्याने फुगतात. विळ्याने, पेंढ्यांनी त्यांना घट्टे पडतात. बांधावर उभे राहून उन्हात मोबाइल पाहिला तर फिक्या पिवळ्यावरचे पांढरे अक्षर दिसत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर पिकाची पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर नोंदवण्याची पद्धत सुरू झाली. ती नोंद शेतातच उभे राहून करायची असते. म्हणजे बटणाची खरी परीक्षा कचेरीतल्या दिव्याखाली नव्हे, बांधावरच्या उन्हात होते.

आता आपल्या लिपीचे दुखणे. पोशाखाची बहुतेक मापे रोमन अक्षरांवर ठरली. आपले अक्षर वर वेलांटी, मात्रा, रफार घेते आणि खाली उकार, ऋकार लोंबवते. बटणाची उंची आखडती आणि ठाम ठेवली तर 'पूर्ण' या शब्दाचा खालचा ऊकार तरी कापला जातो नाहीतर वरचा रफार तरी. 'अर्ज' चा रफार गेला तर 'अज' राहतो, म्हणजे बोकड! इंग्रजी बटणावर अक्षरे विरळ मांडली तर ऐटदार दिसतात. तोच नियम मराठीला लावला तर शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे पडतात. रुंदी इंग्रजी शब्दाच्या मापाने ठरवलेली असली तर 'रद्द करा' दोन ओळींत मोडते. उपाय कठीण नाही. उंची ठाम बांधू नये, ओळीची उंची ऐसपैस ठेवावी, अक्षरे विरळ करू नयेत, रुंदी शब्दावर सोडावी. सीमेवरच्या गावात तर एकाच पडद्यावर कधी मराठी, कधी हिंदी येते. दोन्हींना पुरेल असा सदरा शिवलेला बरा.

सगळ्यांत मोठी गोष्ट मात्र तिसऱ्या बोलण्याची, म्हणजे पोचेची. गावात नेटवर्क कमी-जास्त होते. बटण दाबले आणि पडदा जसाच्या तसा राहिला, तर माणूस काय करतो? पुन्हा दाबतो. मग तिसऱ्यांदा दाबतो. शुल्काचे बटण असेल तर पैसे दोनदा कापले गेले की काय ही धास्ती, नोंदणीचे असेल तर नाव दोनदा चढले की चढलेच नाही ही धास्ती. जाणता कारागीर काय करतो? पहिल्या दाबण्याबरोबर बटण तात्पुरते बंद करतो, रंग मंद करतो, आणि 'सादर करा' च्या जागी 'पाठवत आहोत, थांबा' असे शब्द आणतो. जुन्या रेडिओतला दिवाच तो. काम झाले की नोंदणी क्रमांक दाखवतो. झाले नाही तर तेही स्पष्ट सांगतो आणि बटण पुन्हा उघडतो. यातला मंद रंग सीएसएसचा, बाकीचे काम प्रोग्रामचे. पण दाबणाऱ्याला ते सगळे मिळून एकच दिसते: आपल्याला उत्तर मिळाले.

आणि उत्तर मिळणे हा आता केवळ चांगुलपणाचा भाग उरलेला नाही. सरकारी संकेतस्थळे कशी असावीत याची मार्गदर्शक तत्त्वे भारत सरकारने २००९ मध्ये काढली आणि नंतर वेळोवेळी सुधारली. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा माहिती आणि सेवा सर्वांना वापरता येतील अशा हव्यात असे सांगतो. फोकसची चौकट "दिसायला बरी नाही" म्हणून पुष्कळ वर्षे पुसून टाकली जाई. त्यामुळे कीबोर्डवर चालणाऱ्या माणसाला आपण कुठे आहोत तेच समजत नसे. कीबोर्ड वापरणाऱ्यापुरतीच ती चौकट दाखवण्याचा वेगळा नियम २०२२ पर्यंत सर्व प्रमुख ब्राउझरांत आला. म्हणजे देखणेपणाची सबबही आता राहिली नाही.

शिक्षक बंधुभगिनींनो, हा विषय शाळेत घेण्यासाठी महाग साधने लागत नाहीत. फळ्यावर फुगीर आणि दबलेले बटण काढून दाखवा. मुलांना घरच्या मोबाइलमधल्या दहा बटणांवरचे शब्द वहीत लिहून आणायला सांगा आणि विचारा, यातल्या कोणत्या शब्दावरून काय घडणार ते कळते? 'ओके' पेक्षा 'अर्ज पाठवा' बरे का? मोबाइल उन्हात धरून कोणते बटण दिसेनासे होते ते पाहा. शाळेत संगणक असेल तर माउस बाजूला ठेवा आणि फक्त टॅब कळीने एखादा फॉर्म भरून बघा; कुठे वाट चुकते तिथे बोट ठेवता येईल. वरच्या वर्गातल्या मुलांना सीएसएसच्या चार ओळी शिकवा. रंग बदलला की त्यांना आनंद होईल. पण तेवढ्यावर सोडू नका. "हे बटण तुझ्या आजीला ओळखता येईल का?" असा प्रश्न घाला. त्या प्रश्नाचे उत्तर देताना मूल जे शिकेल, ते पुस्तकातून सहसा मिळत नाही.

आणि शेतकरी बांधवांनो, आपल्यासाठी एवढेच. पडद्यावर बटण सापडले नाही, दाबलेले कळले नाही, तर स्वतःला अडाणी समजू नका. पुष्कळदा उणीव पाहणाऱ्याची नसते, शिवणाऱ्याची असते. १ मे २०१८ रोजी डिजिटल सहीचा सातबारा राज्यात आला तेव्हा कागदावरच्या शाईच्या सहीची जागा पडद्यामागच्या सहीने घेतली. जागा बदलली, तरी माणसाचा हक्क बदलत नाही. खिडकीपाशी उभे राहून पोच मागण्याची जी आपली जुनी रीत आहे, ती सोडू नका. बटण दाबल्यावर क्रमांक आला का ते पाहा, तो वहीत उतरवून घ्या, आणि आला नाही तर सेवा केंद्रातल्या माणसाला बिनसंकोच विचारा. विचारणारी माणसे असली, म्हणजे शिवणारेही माप नीट घेतात.